बाबांनी चाखलेलं पाणी

माझ्याकडे मायक्रोस्कोप होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको. बोर्ली पंचतनच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर लहानशी लॅब आहे. तिथे मी अठरा वर्षं लोकांचं रक्त तपासते आहे. ताप आला म्हणून आपल्याच मनाने मलेरियाच्या गोळ्या गिळून आमच्याकडे आलेल्या माणसाची मी अशी हजेरी घेते की पुढच्या वेळी नुसती शिंक आली तरी तो आधी मला विचारायला येतो. तपासल्याशिवाय औषध नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. आमचे डॉक्टर एकदा गमतीत म्हणाले होते, हे छापून भिंतीवर लावू या. लावलं नाही ते बरं झालं.

कारण त्या फाल्गुनात मी एका माशाला न तपासता औषध दिलं. मासा एक वेळ राहू द्या, पण त्या दिवसांत मी बाबांशी जशी वागले ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

बाबा उरणकडचे. आमचं घरदार मिठावर उभं राहिलेलं. चाळीस वर्षं बाबांनी खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत घेतलं, उन्हात आटवलं आणि मीठ पिकवलं. पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि सांगायचं, अजून चार दिवस थांबा, किंवा उद्या ओढायला घ्या. त्यांचा अंदाज चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. मग मिठागरावर भराव पडला आणि तिथे कंटेनर उभे राहिले. भावाने ट्रक घेतले, तो महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. आई गेल्यावर बाबांना मी माझ्याकडे बोर्लीला आणलं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. येताना त्यांनी कपड्यांखेरीज दोनच वस्तू घेतल्या, आईचा फोटो आणि शेवटच्या हंगामातल्या मिठाने भरलेली चिनी मातीची बरणी.

इथे आले आणि त्यांचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं बंद. इथली बोली वेगळी, इथे ओळखीचं कुणी नाही आणि मी दिवसभर लॅबमध्ये. काही विचारलं तर व्हय नाहीतर न्हाय, एवढंच. मला बडबडीची सवय आहे, दिवसभर पेशंटशी बडबडतच असते. घरी आल्यावर समोरासमोर बसून गप्प जेवायचं फार जड जायचं. दीड वर्ष आम्ही तसं जेवलो.

मग शेजारचे बँकवाले बदली होऊन गेले आणि जाताना आपली काचेची टाकी आमच्या गळ्यात मारून गेले. आत दोन गोल्डफिश, एक नर, एक मादी. आमच्या घराण्यात मासा तव्यावर शोभतो, त्यामुळे मी कपाळाला हात लावला. पण बाबांनी टाकीसमोर खुर्ची ओढली आणि दोनतीन दिवसांत ते माशांशी बोलायला लागले. मादीला ते म्हातारी म्हणायचे, नराला सोकाजी. म्हातारी आज जेवली न्हाय, सोकाजी फार माजलाय, असं चालायचं. हळूहळू त्यातलं थोडं थोडं माझ्यापर्यंतही यायला लागलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापायची आणि बाहेरून बाबांचा आवाज यायचा. मला त्या दिवसांत काही मागायचं उरलं नव्हतं.

तेही मीच घालवलं. टाकी रिकामी वाटते म्हणून तीन लहान मासे आणले आणि सरळ आत सोडले. आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके आले. अंगावर, शेपटीवर, परांवर, सगळीकडे. तिन्ही नवे गेले, पाठोपाठ सोकाजी गेला. म्हातारी तेवढी बाजारातल्या माशांच्या दुकानदाराच्या औषधाने वाचली. हे दुकानदार बारा वर्षं आखातात राहून आलेले, तिथल्या मोठ्या हॉटेलांमधल्या टाक्या सांभाळायचं काम त्यांनी केलेलं. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणतो, मीही म्हणते. बाबा पुन्हा टाकीसमोर गप्प बसू लागले. म्हातारी एका कोपऱ्यात, बाबा दुसऱ्यात.

म्हणून मी पुन्हा मासा आणायचं ठरवलं. खरं तर मला मासा नको होता, बाबांचा आवाज परत हवा होता. चाचांनी जोडीला नर निवडून दिला, केशरी, पोटाकडे पांढरा, आणि बजावलं की या वेळी चार आठवडे वेगळा ठेवा, मगच टाकीत सोडा. करोनानंतर वेगळं ठेवण्याचं महत्त्व कुणी मला सांगायला नको होतं. घरातला कपडे भिजवायचा पसरट टब घासून घेतला, हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम पसरटच. मोठ्या टाकीच्या गाळणीतला स्पंज त्यात लावला, हवेचा पंप लावला, पाणी गरम ठेवायची कांडी लावली, वर जाळी घातली. टब बाहेरच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीजवळ, पंख्याखाली. पाणी तपासायच्या कागदी पट्ट्याही मागवल्या. त्या पाण्यात बुडवायच्या आणि रंग बघून अमोनिया किती ते ठरवायचं. एक वही केली. रोजचा आकडा, रोजची वेळ. माझ्या कामाच्या पद्धतीला कुणी नाव ठेवू शकलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या माशाच्या कल्ल्यांवर पांढरे दाणे दिसले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर ताक बघूनच ओरडले. पुन्हा तेच, मी म्हणाले, आणि निदान तिथेच संपलं.

आता ते दाणे मला डोळे मिटले तरी दिसतात, आणि तेव्हा जे बघायला हवं होतं तेही दिसतं. ते फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर होते आणि बाजूच्या दोन परांच्या पुढच्या कडेला, एका ओळीत, सुबक. अंगावर एक नाही, शेपटीवर एक नाही. मासा कुठे अंग घासत नव्हता, दाणा टाकला की धावत वर येत होता. एका काचेच्या पट्टीवर त्याच्या अंगावरचा थोडासा बुळबुळीत थर घेतला असता आणि लॅबमधल्या भिंगाखाली धरला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की तिथे जंतू नाहीच. ते मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण डॉक्टर हसतील, मासा घेऊन आली म्हणतील, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला खात्रीच होती. एकदा बघितलेला आजार मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. माझ्या हजेरीतला गोळ्या गिळून आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणायचा.

पांढऱ्या ठिपक्यांवर मीठ आणि उष्णता हा साधा उपाय. तोही चाचांना न विचारता मी मोबाइलवर वाचून घेतला. मिठात आयोडीन नको, खडे मीठ हवं, असं लिहिलं होतं. मी पिशवी घेऊन दुकानात निघाले तर बाबा खुर्चीतून उठले.

"आपल्याकडं हाय ना मीठ," ते म्हणाले. "दुकानातला कशाला?"

आणि त्यांनी ती बरणी काढली. इथे आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तोंडावरचा फडका त्यांनी स्वतःच सोडला. मी काट्यावर मीठ मोजत होते आणि बाबा बोलत होते. हे मीठ कुठल्या वाफ्यातलं, त्या वर्षी वारा कसा होता, आईने डोक्यावरून किती खेपा टाकल्या, भराव टाकणारी गाडी आली तेव्हा शेवटचा ढीग अजून बांधावरच कसा होता. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आपलं मीठ औषधाला लागतंय, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. मी म्हटलं, चला, माशाचं काही होवो, मला हवं ते मिळालं. असं मी खरंच मनात म्हटलं होतं.

पाच दिवस झाले, ठिपके तसेच. पुस्तकी हिशोबाने एव्हाना गळायला हवे होते. मी मीठ वाढवलं. पुढचे तीन दिवस गेले, ठिपके तसेच. आजार चिवट आहे, असं वहीत लिहिलं. शिमगा होऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. गरम पाणी, वर पंखा आणि पसरट टब, त्यामुळे पाणी रोज दोन बोटं खाली जायचं. मी ते रोज भरून काढायची. साधं पाणी घातलं तर औषध पातळ होईल, म्हणून भरायचं पाणीही बादलीत मीठ मोजून तयार ठेवलेलं. टबाच्या कडेला आतून पांढरी रेघ धरायची, ती ओल्या फडक्याने पुसून टाकायची. मला स्वच्छता लागते.

हे सगळं बाबांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर चाललं होतं. उथळ जागा, ऊब, वारा, रोज आटणारं पाणी आणि त्यात रोज नव्याने भरलेलं खारं पाणी. चाळीस वर्षं ज्या माणसाने दुसरं काही केलं नाही, त्याच्या नाकासमोर त्याची मुलगी मिठागर चालवत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

मीठ सुरू केल्यापासून दहाव्या दिवशी मी लॅबमधून आले तर बाबा टबावर ओणवे झालेले. जाळी बाजूला केलेली, बोट पाण्यात, आणि बघता बघता ते बोट जिभेवर.

"पोरी, पानी खारा झालाय," ते म्हणाले. "बदल त्याला."

मी घरात बाबांशी आमच्याच बोलीत बोलते, अरेतुरे करते. पण चिडले की माझी भाषा लॅबची होते. त्या दिवशी लॅबमध्ये एका पेशंटशी वाजलं होतं, ते डोक्यात होतंच.

"बाबा, हात काढा," मी म्हणाले. "औषध आहे ते. मिठागर नाही. तुमचे हात धुतलेले असतात का? पुन्हा या टबाला हात लावायचा नाही."

मग मी पट्टी पाण्यात बुडवून त्यांना रंग दाखवला. हे बघा, अमोनिया शून्य. पाणी स्वच्छ आहे, बदलायची गरज नाही. पट्टीवर मिठाचा रकाना नव्हता. ज्याची पट्टी नव्हती ते मी मोजतच नव्हते, हे माझ्या लक्षातही आलं नाही. बाबांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, लुंगीला हात पुसला आणि खुर्चीत जाऊन बसले. जेवताना काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण माझं बरोबर होतं.

बाराव्या दिवसापासून मासा तळाशी बसू लागला. पर अंगाला चिकटवलेले, अंगावर शेवाळी पापुद्र्यासारखा थर. दाणा टाकला तरी वर येईना. आजार आत शिरला, असं मी ठरवलं आणि आणखी एक चमचा मीठ घातलं. बरणीत आता तळाला थोडंच राहिलं होतं. एकदा टबाच्या कडेवरची पांढरी रेघ पुसायला गेले तर तिच्यावर नखाने ओढल्याची खूण होती, मधोमध, बोटभर. जाळी लागली असेल म्हणून मी ती पुसून टाकली.

सोळाव्या दिवशी, रविवारी दुपारी जेवून उठलो तेव्हा मासा एका कुशीवर तरंगत होता. बाबांनी आधी बघितलं होतं. ते जेवायला बसले तेव्हाही त्यांना माहीत असावं, कारण त्यांनी भात चिवडला होता.

मी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, पहिल्या दिवसापासूनचे, माझ्या पद्धतीप्रमाणे. ते घेऊन तडक चाचांच्या दुकानात गेले. आजारी मासा दिलात, हे सुनवायचं होतं, दुसरं काही नाही. चाचांनी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघितला. ठिपके शेपटीवर आले होते का, विचारलं. नाही. अंगावर? नाही. खात होता का? पहिले दहा दिवस छान खात होता.

"मॅडम, हा बीमार नव्हता," चाचा म्हणाले. "नर आहे. जोडी जमायच्या मोसमात नराच्या कल्ल्यांवर असे दाणे येतात. तब्येत अच्छी असली तरच येतात."

मग त्यांनी मीठ किती घातलं, पाणी कधी बदललं, ते विचारलं. मी सगळं सांगितलं, वहीही पुढे केली. आटलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी भरत होते, तिथे आल्यावर त्यांनी वही मिटली. पाणी उडतं, मीठ उडत नाही, तेव्हा भरताना साधं पाणी घालायचं, एवढंच सांगितलं. सौम्य आवाजात, दुसरीकडे बघत. मग जरा थांबून म्हणाले, "तुमचे अब्बा तर मिठागरातले ना?"

घर पाच मिनिटांवर आहे, पण मला त्या दिवशी किती वेळ लागला ते आठवत नाही. बाजारातून चालताना कुणीतरी रिपोर्टबद्दल विचारलं, मी काय उत्तर दिलं देव जाणे. चौथीच्या वर्गात बाईंनी विचारलं होतं, मीठ कसं तयार होतं, तेव्हा सगळ्या वर्गात माझाच हात वर गेला होता.

घरी आले. टब तसाच होता, पंप अजून बुडबुडे सोडत होता. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मीठ जास्त पडलेल्या आमटीसारखं पाणी होतं. आमच्या घरात अशी आमटी कुणी पानावरून उचलून बाजूला ठेवली असती. त्यात तो जीव सोळा दिवस राहिला, आणि त्याला झालं तर काहीच नव्हतं.

बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. विचारलं, बाबा, तुला कळलं होतं ना. त्यांनी मान हलवली. रोज चाखत व्हतो, म्हणाले. मी लॅबला गेले की जाळी उचलायची, बोट बुडवायचं, पुन्हा जाळी नीट लावून ठेवायची. मला कळू नये म्हणून हात आधी साबणाने धुवायचे. शेवटचे दोन दिवस तर चाखायचीही गरज नव्हती, कडेची रेघच सांगत होती.

"मग बोलला का नाहीस?" माझा आवाज चढला. त्या क्षणीसुद्धा चढला, काय करू.

"तू शिकलेली हाईस," बाबा म्हणाले. "मना वाटला, तुला ठावं असंल."

त्यात टोमणा नव्हता, तसा त्यांचा स्वभावच नाही. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. आठवीत मला मिठागरावर न नेता शाळेत पाठवताना त्यांनी आईला हेच सांगितलं असणार, की ही शिकेल, हिला आपल्यापेक्षा जास्त कळेल. चाळीस वर्षांची आपली जीभ खरी की मुलीची कागदी पट्टी खरी, यात त्यांनी मुलीला खरं मानलं, आणि मासा मरत असताना शेजारी गप्प बसून राहिले.

बरणी आता रिकामी आहे. मी ती धुतली नाही. आईने वाहिलेलं मीठ मी एका निरोगी माशाला मारायला वापरलं, हे मी भावाला फोनवर सांगू शकले नाही. मीठ संपलं, एवढंच सांगितलं. त्याने दुसरं पाठवू का विचारलं. नको म्हटलं.

चाचांनी दुसरा नर देऊ केला होता. मी घेतला नाही, बाबाही मागत नाहीत. म्हातारी एकटीच फिरते. बाबा तिच्यासमोर बसतात, अधूनमधून तिच्याशी दोन शब्द बोलतातही, पण मी खोलीत आले की थांबतात.

मी क्षमा मागितली नाही. आमच्याकडे मुलगी बापाची क्षमा मागते म्हणजे काय करते, ते मला माहीत नाही. मला सुचलं ते एवढंच. दर रविवारी टाकीचं पाणी बदलते तेव्हा मगभर पाणी काढते आणि बाबांसमोर धरते. बाबा, चाखून बघ जरा, बरोबर हाय का. पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, ते बोट बुडवतील, काहीतरी बोलतील, आणि मग जमेल सगळं. आता चार महिने झाले. बाबा मगाकडे बघतात, हात मांडीवरच ठेवतात आणि दर वेळी अगदी मायेने तेच सांगतात.

"मना काय इचारतंस, पोरी. तुझ्या पट्ट्या हायत ना."